मालक, घर आणि इतर

आवाज विभागात काम करते असं सांगितलं, की लग्नकार्यात बायका मला घशाचं दुखणं सांगायला लागतात. मी डॉक्टर नाही. मी परवानग्या सांभाळते. कुणाची फाइल कुणी उघडायची, कुणी नाही, आणि काल उघडत होती ती आज का उघडत नाही, याची उत्तरं देण्यात माझी निम्मी हयात मिरजेतल्या एका इस्पितळाच्या तळघरात गेली. वर ऑपरेशनं होतात, पेढे वाटले जातात, डॉक्टरांचे फोटो पेपरात येतात. खाली फक्त तक्रारी येतात. जिना उतरून आलेली माणसं दमलेली असतात आणि मी त्यांच्याही आधीपासून दमलेली असते.

सुकुमार उगारे आला त्या सकाळी माझा चहा अजून गरम होता. सोबत त्याची बायको त्रिशला. तो पन्नाशीचा, खांद्यावर पंचा, बोटांच्या पेरांत हळदीचा पिवळेपणा कायमचा बसलेला. सांगलीच्या हळद बाजारात तो सौदे पुकारतो. तंबाखूपायी त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्याची फाइल माझ्याकडे होती. तो समोर उभा राहिला, त्याने ओठ हलवले, आणि काहीच ऐकू आलं नाही. गळ्यातल्या पट्ट्यावर पिवळा दिवा लागलेला होता.

“सकाळपास्नं असंच हाय, मुजावर मॅडम,” त्रिशला म्हणाली. “काल चांगलं बोलत होते. आज देवळातनं आले, पट्टा घातला, आन गप्प. चार्जिंग केलं, पुसून घेतला. माझ्या भावानं तर आपटून बी बघितला.”

“आपटायचा नाही,” मी म्हणाले.

“तेच मी म्हनले त्याला.”

पिवळा दिवा म्हणजे पट्टा धडधाकट आहे. पट्टा परवानगी विचारतोय आणि ‘नाही’ असं उत्तर येतंय. मी चहा बाजूला ठेवला.

माणूस बोलायला जातो तेव्हा हनुवटीखालचे आणि मानेचे स्नायू हलतात, मग आवाज निघो वा न निघो. त्या हालचालीतून विजेच्या अगदी बारीक लहरी उठतात. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बसवलेल्या टिकल्या त्या टिपतात आणि पट्ट्यातलं यंत्र त्यावरून शब्द ओळखतं. आता हे शब्द म्हणायचे कुणाच्या आवाजात? ऑपरेशनच्या आधी ज्यांचा आवाज नीट ध्वनिमुद्रित झाला, त्यांना त्यांचाच आवाज परत मिळतो. सुकुमारचे काही तुकडे मिळाले होते, पण सगळे बाजारातले, पाठीमागे पन्नास व्यापारी ओरडत असलेले. त्यातून त्याचा गळा वेगळा काढणं आमच्या यंत्राला जमलं नाही. तेव्हा त्याचा थोरला भाऊ भूपाल येऊन बसला, काचेच्या खोलीत तीन सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं, आणि आपल्या आवाजाचा नमुना भावाला दिला. भावाभावांच्या तोंडाची ठेवण सारखी असते, त्यामुळे तो आवाज सुकुमारच्या तोंडी असा बसला, की बाजारात लोक म्हणायला लागले, अण्णा एक आणि तोंडं दोन.

सुरुवातीला हे नमुने पट्ट्यातच ठेवायचे. मग लोकांनी दुसऱ्यांच्या आवाजात बँकांना फोन केले, एका बहाद्दराने सासऱ्याच्या आवाजात स्वतःची स्तुती करून घेतली, आणि कायदा आला. नमुना इस्पितळाच्या सामाईक साठ्यातच राहणार. पट्ट्याने रोज सकाळी विचारायचं, आणि मालकाची परवानगी असेल तरच दिवसभर तो आवाज वापरायचा.

कायदा चांगलाच आहे. दुखणं पुढे आहे. पट्ट्याची यंत्रणा एका घराण्यातली आणि साठ्याची दुसऱ्या. पट्ट्याला जगात तीनच प्रकारची माणसं ठाऊक: मालक, घर आणि इतर. साठ्याकडे मात्र प्रत्येक फाइलमागे लांबलचक यादी असते. याला ऐकू द्या, त्याला ऐकू द्या पण बदलू देऊ नका, अमक्याला दारातही उभं करू नका. या दोघांच्या मध्ये एक दुभाषा बसवला आहे. तो त्या यादीचं तीन शब्दांत भाषांतर करतो, आणि भाषांतरात जे हरवायचं ते हरवतंच. जे नाव दुभाष्याला ओळखता येत नाही, त्यापुढे तो ‘कोणीच नाही’ असं लिहून मोकळा होतो. असे बरेच ‘कोणीच नाही’ मी दर महिन्याला पुन्हा माणसांत आणते.

‘घर’ कुणाला म्हणायचं, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघाला होता. दुसऱ्या शहरांत म्हणे मालकाला विचारून यादी करतात. आमच्याकडे विचारलं तर लोक ‘घरचे सगळे’ म्हणतात, आणि त्यात शेजारची काकूही येते. मग कुणीतरी तोडगा काढला. रेशनकार्ड. यादी सरकारने आयतीच करून ठेवली आहे, ती आपल्याला जोडून घेऊ. कार्डावर नाव असेल तो घरचा. मी म्हणाले होते, की माणसं कार्ड कशाकशासाठी फोडतात. तोवर बैठक जेवायला उठली होती.

मी सुकुमारची नोंद उघडली. मालक, भूपाल उगारे. घर, भूपालची बायको, मुलगा, सून. सुकुमार त्यात नव्हता. तो ‘इतर’मध्ये जाऊन पडला होता, आणि इतरांना काहीच नाही.

“कार्ड वेगळं केलंत का?” मी विचारलं.

त्रिशलाने नवऱ्याकडे पाहिलं. “दुकान वेगळं झालं, चूल वेगळी झाली, मग कार्ड नको? कालच नवं आलं हातात.” मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. “त्याच्यानं?”

“त्याच्यानंच.”

सुकुमारचे ओठ हलले. या कामात राहून ओठ वाचायची सवय लागते. ‘अण्णांनी काढलं?’ असं तो विचारत होता.

“कुणीच काही काढलेलं नाही. एका यंत्रणेनं दुसरीला कळवलं, एवढंच. तुमच्या भावानं इथं बसून स्वतःच्या आवाजात ‘द्या’ म्हटलं, की मी तुमचं नाव स्वतंत्र घालते. चहा पिऊन होईस्तोवर काम होईल. बोलवा त्यांना.”

सुकुमारने नकारार्थी मान हलवली.

“वाटणीपास्नं बोलणं न्हाई,” त्रिशला म्हणाली.

म्हणजे इतके दिवस हा माणूस भावाच्याच आवाजात भावाशी अबोला धरून बसला होता. मला हसू आलं असतं, पण सकाळी सकाळी तेवढी ताकद नव्हती.

“मॅडम, येत्या सोमवारी आमच्या नव्या दुकानाचा पैला सौदा हाय,” ती म्हणाली. “शेतकऱ्यांनी ह्यांच्या तोंडाकडं बघून माल टाकलाय. सौदा कोन पुकारणार? पैल्याच दिवशी दुकान मुकं निघालं, तर दुसऱ्या दिवशी एक पोतं येणार न्हाई.”

तात्पुरती सोय म्हणून मी त्याला सरकारी आवाज घातला. हा कुणा निवेदकाचा आहे, फुकट मिळतो, आणि परीटघडीसारखा कडक आहे. सुकुमारने सवयीने हात वर केला आणि म्हणाला, “राजापुरी हळद, जाड कांडी, बोला मंडळी.” एस.टी. स्टँडवर गाडी लागल्याची सूचना व्हावी तसं ते ऐकू आलं. त्रिशला आधी खुदकन हसली आणि मग तिने पदराने डोळे पुसले. “हे कोन आलं आता माझ्या घरात?” ती म्हणाली. सुकुमारने स्वतःच पट्टा काढून टेबलावर ठेवला.

*

भूपालअण्णांचं दुकान सांगलीच्या मार्केट यार्डात. मी विश्रामबागला राहते. संध्याकाळी घरी जायचं सोडून वाकडी वाट करून यार्डात गेले. हे माझं काम नव्हे. पाय दुखत होते, घरी भाकऱ्या थापायच्या होत्या, आणि तरीही मी गेले, याचा राग मला रस्ताभर येत होता.

“या, बसा मुजावर मॅडम,” अण्णा म्हणाले, आणि मी दचकले. हा आवाज मी तीन वर्षं सुकुमारच्या गळ्यातून ऐकत होते. पण मूळ आवाज आता म्हातारा झाला होता. साठ्यातला आवाज तिथेच तीन वर्षं मागे थांबला होता आणि अण्णा पुढे निघून गेले होते. वाक्य संपायच्या आत त्यांना धाप लागत होती.

मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. समोर हळदीची पोती रचलेली, आणि हवेत तो कडवट वास, जो कपड्यांतून दोन धुण्यांनीही जात नाही.

“मी काय काढलं न्हाई,” ते म्हणाले. “तोच भाईर पडला. वाटणी झाली, झाली. पोरं मोठी झाली की हुतीच. पन कार्डावरनं नाव काढून न्हेलं, ते मला कुणाकडनं कळलं, तर रेशन दुकानदाराकडनं. ‘अण्णा, एक मानूस कमी झालं की तुमच्यात,’ म्हनतोय. सख्ख्या भावानं येऊन एक शब्द सांगू नये?”

“चुकलंच त्याचं. पण तुम्ही एकदा येऊन ‘द्या’ म्हणालात तर...”

“म्हनतो की! त्यानं मागावं. तोंडानं.”

“अण्णा, तोंडानं मागायला आवाज लागतो. तो तुमच्याकडे आहे.”

“ते तुमच्या यंत्राचं तुमी बघा.”

“तो चिठ्ठी लिहून देईल.”

“कागद नको.” त्यांनी हात झटकला. “वाटणीच्या टायमाला आला कागद, वकिलाकडनं. आमच्या धंद्यात आधी शब्द, कागद मागनं. शब्द बी लई अलीकडला, मॅडम. आमच्या वडलांच्या काळात तर सौदा मुक्यानंच व्हायचा. हातावर पंचा टाकायचा, त्याच्याखाली एकमेकाची बोटं धरायची. कुठलं बोट धरलं, किती दाबलं, त्याच्यावर भाव. चारचौघांत उभं ऱ्हाऊन भाव ठरायचा आन शेजारच्याला पत्ता लागायचा न्हाई. पुढं सरकारनं बंद केलं, उघड बोली लावा म्हनाले. बरं केलं, त्यात लबाडी बी लई चालायची. पन वडलांनी आमा दोघांस्नी शिकवलं हुतं. हा सुक्या बारका हुता, पंच्याखाली गुदगुल्या करायचा. मार खायचा.”

ते हसले आणि खोकले. मग बराच वेळ खोकतच राहिले.

“एक नेम हुता बगा,” पाणी पिऊन ते म्हणाले. “पंच्याखालनं हात पुढं आला, की धरायचाच. भाव पटला न्हाई तर सोडून द्या. पन धरायचाच. वैऱ्याचा असला तरी.”

मी उठले. एवढं कळणारा माणूस एवढा हटून का बसतो, असं मला विचारायचं होतं. पण माझ्याही सासरी असे दोघे-तिघे आहेत, आणि त्यांना विचारून मला आजवर काही मिळालेलं नाही.

*

पुढचे दोन दिवस मी हा विषय डोक्यातून काढायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी सुकुमारला एकट्याला बोलावून घेतलं.

सामाईक साठ्यातली एक गंमत बाहेरच्यांना माहीत नसते. एखादी फाइल उचलून साठ्यातच दुसऱ्या जागी ठेवली, तर ती आपल्या परवानग्या बरोबर घेऊन जाते. तिची प्रत काढली, तर ती प्रत जिथे ठेवाल तिथल्या परवानग्या अंगाला लावून घेते. कुंडी उचलून दुसऱ्या गॅलरीत नेली तर माती तीच राहते. फांदी खुडून लावली तर माती नव्या कुंडीची. अण्णांच्या आवाजाची मी प्रत काढली आणि आमच्या चाचणीच्या कप्प्यात ठेवली. त्या कप्प्यात सगळ्यांना मुभा असते. प्रत मी काढली म्हणून तिची मालक मी झाले होते. रेहाना मुजावर, साठी उलटलेल्या हळद व्यापाऱ्याच्या आवाजाची मालकीण. वरच्यांना कळलं असतं तर नोकरी गेली असती. पण वरचे तळघरात येत नाहीत.

सुकुमारने पट्टा घातला. दिवा हिरवा झाला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की मला त्याच्याकडे बघवेना.

“अण्णा हो म्हनले?” त्याने अण्णांच्याच आवाजात मला विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. तेवढंही काम मला त्या दिवशी जड वाटलं असेल, किंवा दुसरं काही असेल.

“नाही,” मी म्हणाले. “मी केलंय. सोमवारपुरतं. नंतर बघू.”

तो खुर्चीत मागे टेकला.

“मॅडम, तुमी माझ्यासाठी केलं. उपकार हाईत तुमचे,” तो म्हणाला. “पन म्या ह्याच आवाजात शेतकऱ्याला सांगणार, की माल चोख हाय, वजन चोख हाय. आन आवाजच चोरीचा? पैल्या दिवशी?” त्याने मानेमागचा खटका दाबला. पट्टा काढायच्या आधी एवढंच म्हणाला, “पुसून टाका. तुमच्यावर यायला नको.”

मी त्याच्यासमोर प्रत पुसली. एवढी वर्षं मी हे काम करते आहे, आणि मिळालेली परवानगी परत करणारा तो मला भेटलेला पहिला माणूस. मला त्याचा भयंकर राग आला. दोघेही भाऊ सारखेच, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. मधल्यामध्ये मी.

*

सुकुमार पट्टा माझ्याकडेच ठेवून गेला होता, तेव्हा मी माझ्या हातात होतं ते केलं. पट्टा परत करायचा असेल तर रुग्ण आणि आवाजाचा मालक या दोघांनी हजर राहावं, असा एक नियम आहे. तो आजवर कुणी पाळलेला नाही. मी दोन्ही घरी अगदी सरकारी सुरात निरोप धाडले आणि शनिवारी दुपारी त्यांना बोलावलं.

सुकुमार आणि त्रिशला आधी आले. अण्णा जिना उतरून आले ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून; मुलाला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. माझ्या खोलीत जेमतेम चार खुर्च्या. दोघं भाऊ समोरासमोर बसले आणि दोघांनीही माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सुरुवात केली.

“पट्टा परत येतोय,” टेबलावरच्या पट्ट्याकडे बोट दाखवून मी म्हणाले. “परत आला की नोंद बंद होईल. पुन्हा सुरू करायची तर सगळं पहिल्यापासून. अण्णा, तुमचं काही म्हणणं?”

“माझं म्हननं सांगितलंय मी.”

“भाऊजी, कार्डाचं मी केलं,” त्रिशला म्हणाली. “ह्यांनी तुमास्नी सांगा म्हनलं हुतं. मी म्हनलं सांगू सावकाशीनं. माझं चुकलं. पाया पडते.”

“तू नको मधी पडू, पोरी. तुझ्यावर राग न्हाई.” अण्णांनी कॅलेंडरवरची नजर हलवली नाही. “त्याला तोंड हाय.”

सुकुमारने तोंड उघडलं. ओठ हलले. मी वाचलं, त्रिशलानेही वाचलं असेल. पण ज्याच्यासाठी ते शब्द होते तो दुसरीकडे बघत होता. ते नुसते ओठ हलताना बघणं फार वाईट होतं. मी नको ते करून बसले, आता मिटवून टाकावं, म्हणून माऊसकडे हात नेला.

सुकुमारने खांद्यावरचा पंचा ओढला. तो उजव्या हातावर टाकला आणि हात पुढे केला.

अण्णांचं लक्ष गेलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. क्षणभर मला वाटलं, ते उठून जाणार. पण त्यांचा उजवा हात त्यांना न विचारताच निघाला होता. तो पंच्याखाली गेला आणि तिथे थांबला.

पंचा हलत नव्हता. अण्णांचा चेहरा आधी सौद्याच्या वेळी असतो तसा होता, दगडासारखा. मग ते एकदम भावाकडे बघायला लागले. त्यांनी डाव्या हाताने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“द्या ह्याला,” ते मला म्हणाले. मग मी दाखवलेल्या ध्वनिग्राहकाकडे झुकून, बाजारात म्हणतात तसं मोठ्याने, “दिला!”

मी सुकुमारचं नाव घातलं. माझी बोटं दोनदा चुकली.

“काय भाव मागितला त्यानं?” मी विचारलं. मला विचारायचा हक्क नव्हता, पण विचारलं.

“भाव?” अण्णांनी नाक ओढलं. “बोटं हाईत तिथं आकडे असतात मॅडम. ह्यानं एक बोट दाबलं न्हाई. हात मोकळा सोडून दिला माझ्या हातात. म्हंजे, भाव तुमीच बोला, मला कसलाबी कबूल हाय. असा सौदा बाजारात कुणी करत न्हाई. येडा हाय.”

पट्ट्याचा दिवा हिरवा झाला. त्रिशलाने तो सुकुमारच्या गळ्यात अडकवला. त्याने अजून भावाचा हात सोडला नव्हता.

अण्णाच पुढे म्हणाले, “एक सांगा. मी गेल्यावर?”

हा प्रश्न मला सगळेच विचारतात, फक्त इतक्या लवकर नाही. मृत्यूची नोंद झाली, की संध्याकाळपर्यंत त्या माणसाचं खातं बंद होतं. मग फाइलच्या मालकाच्या जागी ‘कोणीच नाही’ येतं, आणि त्याने दिलेल्या सगळ्या परवानग्या त्याच्याबरोबर जातात. मी ते सांगितलं.

“म्हंजे मी मेलो, की हा परत मुका?”

“हो.”

“मग आत्ताच मालक करा की त्याला. देऊन टाकतो.”

“देता येत नाही, अण्णा. साठ्याच्या यंत्रणेत मालकाला मालकी दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही, नाहीतर लोक नको ते कुणाच्याही नावावर ढकलतील. घेण्याची मुभा तेवढी देता येते. घ्यायची ती ज्याची त्यानं.”

अण्णांनी मान डोलावली. “बरोबर हाय. सौदा बी तसाच असतोय. द्या मग मुभा.”

मी यादीत एक ओळ वाढवली आणि सुकुमारकडे वळले. “आता तुम्ही पट्ट्याला ‘घेतली’ म्हणालात, की मालक तुम्ही.”

“न्हाई,” सुकुमार म्हणाला. खोलीत अण्णांचा तीन वर्षांपूर्वीचा आवाज घुमला. “अण्णा हाईत तवर ते अण्णांचंच.”

“हट्टी कुठला,” आजच्या अण्णांचा आवाज म्हणाला. “बरं, मग ऐक. मी गेलो, की पैलं ते घे. रडायला बसू नको, मानसं बोलवायला धावू नको. पैलं घे, मग लोकास्नी सांग. न्हाईतर सांगणार कशानं?”

त्रिशला पदर तोंडाला लावून रडत होती. मी म्हणाले, चहा मागवते. तिघांनीही नको म्हटलं, आणि मग तिघेही चहा घेऊनच गेले.

*

सोमवारी सौदा चांगला झाला म्हणे. मी गेले नाही. त्या दिवशी दुभाष्याने एका शाळामास्तरांना ‘कोणीच नाही’ करून ठेवलं होतं आणि ते तळघरात ठिय्या देऊन बसले होते. त्रिशलाने हळदीची पुडी पाठवली. कार्डं वेगळीच राहिली, दुकानंही. भांडणं मिटली की सगळं पहिल्यासारखं होतं असं नाही. दिवाळीत एकमेकांकडे जाणंयेणं सुरू झालं, एवढं मला कळलं.

रेशनकार्डाच्या घोळाबद्दल मी वर लेखी कळवलं. उत्तर आलं, की विषय विचाराधीन आहे. मी समितीत असते तर मीही तेच उत्तर दिलं असतं, कारण ‘घर’ची दुसरी व्याख्या मलाही अजून सुचलेली नाही.

सकाळी आले, की रात्रीत काय बदललं ते यंत्रणा मला दाखवते. उगार्‍यांची फाइल त्यात कधी नसायची, कारण तिथे काही बदलत नव्हतं. मधूनमधून मी उगाच उघडून बघायचे. मालक, भूपाल उगारे. त्याखाली ती एक ओळ: सुकुमार उगारे, मालकी घेऊ शकतो. घेतलेली नाही. थंडी गेली, उन्हाळा गेला, पुढल्या वर्षाची हळद शिजायला लागली, ओळ तशीच होती. या यंत्रणेत मुभा असून न वापरलेली गोष्ट फार दुर्मीळ असते. दमलेल्या दिवशी ती ओळ बघितली, की मला जरा बरं वाटायचं.

माघातल्या एका सकाळी मी पर्स ठेवली, संगणक सुरू केला, आणि यादीत पहिलीच ती फाइल होती. पहाटेची नोंद. मालक, सुकुमार उगारे. खाली ‘घर’ची यादी त्याने नव्याने केली होती, पट्ट्याला तोंडी सांगून; कार्डाबाहेरचं नाव मालकाला असं घालता येतं. पहिलं नाव भूपाल उगारे होतं, आणि मग त्रिशला.

मी खुर्चीत बसले. चहावाला कप ठेवून गेला. संध्याकाळपर्यंत दुभाषा त्या पहिल्या नावाचं ‘कोणीच नाही’ करणार होता. त्या एका नावापुढे मी खूण केली, याला हात लावू नये अशी. कुणी विचारलं असतं तर कारण काय दिलं असतं, मला माहीत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला, आणि पलीकडून तो आवाज आला, भरदार, धाप न लागलेला, जसा अण्णा काचेच्या खोलीत बसून वर्तमानपत्र वाचत होते तेव्हा होता तसाच.

“मुजावर मॅडम,” अण्णांचा आवाज म्हणाला, “अण्णा गेले.”